ओला काप

"मॅडम, ती तुमची जोडी आज घासून टाकू या. संध्याकाळपर्यंत काय ते सांगा मला," सगळे जिला 'झटपट' म्हणत ती लिफ्टमधून म्हणाली, आणि बघूबाईने तोंड उघडायच्या आत दार मिटलं. लिफ्ट वर गेली. बघूबाई एका हातात डब्याची पिशवी आणि दुसऱ्या हातात चष्म्याचं घर घेऊन दारावरच्या उजळत जाणाऱ्या आकड्यांकडे बघत खालीच उभी राहिली. त्या बोलण्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नव्हतं. झटपट एकेकाळची तिचीच विद्यार्थिनी, आता प्रयोगशाळेची प्रमुख. ती जेवतानाही पुढच्या घासाबद्दल बोलते असं सगळे म्हणत. मनात वाकडं काही नसायचं तिच्या. पण 'घासून टाकू या' हे शब्द कानातून शिरले ते थेट पोटात, बेंबीच्याही खाली जाऊन बसले. लिफ्ट रिकामीच परत आली, दार उघडलं, थोडा वेळ वाट बघून मिटलं. बघूबाई जिन्याने वर गेली.

बघूबाई हे काही तिचं नाव नव्हे. प्रयोगशाळेत कोणीही तिच्यापुढे काही ठेवून "हे काय असेल हो?" असं विचारलं, की सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता ती "बघू" म्हणायची. महिन्याने पुन्हा विचारलं तरी "बघू"च. त्यावरून पोरांनी नाव पाडलं होतं, ते तिच्या कानावर आलं होतं, आणि तिला ते आवडतं हेही पोरांना ठाऊक होतं. काम सांगायला सोपं होतं. घरी पाहुणे आले की नवराच सांगून मोकळा व्हायचा, "ही दगडांना विचारते, तुमच्यात पूर्वी कोणी राहत होतं का म्हणून. दगड काही बोलत नाहीत. म्हणून तर हिचं त्यांच्याशी पटतं." तीनशे कोटी वर्षांहून जुना काळा दगड. त्याचा नखाहूनही पातळ काप काढून काचेवर चिकटवायचा, खालून उजेड सोडायचा आणि वरून बघायचं. मधाच्या रंगाच्या त्या उजेडात कुठे वाटोळे ठिपके दिसतात, कुठे केसासारखे तंतू. त्यांतले काही कधीकाळी जिवंत होते, कोमट समुद्राच्या तळाशी गाळात वाढत होते. बाकीचे दगडाचे खेळ असतात. स्फटिक वाढताना त्याच्या कडेला ढकलला गेलेला कोळसा, गंजाचे धागे, काप चिकटवणाऱ्या राळेतला बुडबुडा. हे जिवंत होतं की नव्हतं, एवढं ठरवायचं. त्यासाठी तीन ट्रे होते. एकाला पोरं 'होयबा' म्हणत, दुसऱ्याला 'नन्ना', आणि तिसऱ्यावर खडूने कोणीतरी कधीतरी 'बघू' लिहिलं होतं. ते अक्षर पुसट झालं की कोणीतरी पुन्हा गिरवायचं.

आता हा तिसरा ट्रे जाणार होता. सगळा संग्रह नव्या इमारतीत हलवायचा होता आणि संगणकातल्या नव्या यादीत दोनच रकाने होते, होय आणि नाही. महिनाभर बघूबाई संशयित काप एकेक करून निकालात काढत होती. फार जड गेलं नव्हतं. बहुतेक 'नन्ना'त गेले, आणि जाताना तिला वाटलं, बिचारे सुटले एकदाचे. जोडी तेवढी राहिली. एका जाडसर राहिलेल्या कापात खोलवर, एकमेकांना टेकलेली दोन वर्तुळं होती. टेकली होती तिथे जराशी चपटी. एकाचं दोन होता होता तसंच राहून गेलेलं काहीतरी, असं वाटावं. पण त्यांच्यावर काळे कण असे काही पसरले होते, की कड सलग आहे की तुटक हेच दिसत नव्हतं. सलग असली तर ती पेशीची भिंत. तुटक असली तर स्फटिकांच्या कडेचा कोळसा, म्हणजे काहीच नाही. दुसऱ्या संस्थेतल्या लेझरच्या यंत्राखाली काप पाठवून झाला होता. तेही त्या काळ्या कणांपाशीच अडलं होतं. खात्री करायची तर वरचा थर घासून काढायचा, एवढाच मार्ग उरला होता. आणि घासताना केसभर जास्त गेलं की जोडीही पाण्याबरोबर वाहून जाणार होती.

तिने खिडकीचा पडदा ओढला, काप चढवला आणि वाकली. इतक्या वर्षांत मानेचा मणका त्याच कोनात बसला होता. घरी भाजी निवडतानाही ती तशीच वाकलेली दिसे. आधी नुसता करडा धूर दिसला. मग बोटाने चक्र हळू फिरवलं तशी ती दगडात खाली खाली उतरू लागली. हे उतरणं तिला कोणाला कधी सांगता आलं नव्हतं. लहानपणी घराच्या मागे एक टाकी होती. तिच्या कडेला पोटावर पडून ती पाण्यात बघायची. आधी स्वतःचं तोंड दिसायचं, मग त्याच्या आरपार शेवाळ, मग त्याखाली पडलेलं पान, आणि मग असा एक थर यायचा की जिथे काही दिसायचं नाही, पण काहीतरी आहे असं वाटायचं. आई हाक मारायची, "अगं, पडशील! काय आहे त्यात एवढं?" ती म्हणायची, "बघतेय." दगडात उतरतानाही तसंच व्हायचं. प्रयोगशाळेतले आवाज वर राहायचे. कोणाचा तरी फोन, बाटल्यांची किणकिण, रस्त्यावरची वाहनं, सगळं पाण्याबाहेर. खाली एक समुद्र होता. त्या समुद्राला किनाऱ्यावरून बघणारं कोणी नव्हतं, मासा नव्हता, शेवाळाचा तंतू नव्हता, त्याच्या लाटांचा आवाज ऐकायला जगात कुठे कान म्हणून नव्हता. तरी लाटा येत होत्या. चंद्र आतापेक्षा जवळ होता, मोठा होता, आणि भरती इतकी लांबवर आत यायची की परत जायला तिला दिवस पुरत नसेल. आणि त्या कोमट, गढूळ पाण्यात कुठेतरी एक काहीतरी होतं, त्याला आपण आहोत हे माहीत नव्हतं, आणि ते दोन व्हायला निघालं होतं. किंवा नव्हतंच. बुडबुडा होता. धूर डोळ्यांपुढे हलल्यासारखा झाला. दोन वर्तुळं एकदा जुळली, एकदा सुटली. तिच्याच डोळ्यातलं पाणी होतं ते.

सर असते तर एवढा वेळ लावू दिला नसता त्यांनी. तिला हे काम शिकवलं ते सरांनी. उंच, खांद्यात वाकलेले. त्यांच्या कोटाच्या खिशात कायम दगडाचे तुकडे असायचे, आणि नाणी समजून ते कधीकधी तेच बसच्या वाहकापुढे धरायचे. त्यांचं एक पालुपद असे. "एकटंदुकटं असेल तर धरू नका. जीव असला की तो गर्दी करतो. लहान, मोठे, फुटलेले, सडलेले, असे शंभर दिसले तर बोला. एकच दिसलं तर समजा, दगडाने थट्टा केली." तिने हे विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्यांना जसंच्या तसं शिकवलं होतं, झटपटलाही. सरांचा नियम बरोबरच होता, त्याने असंख्य चुका टळल्या होत्या. फक्त ते वाक्य उच्चारताना तिचा आवाज जरा कोरडा पडायचा, आणि ती पाणी प्यायची. घशाला चुन्यासारखं काही लागतं, असं सांगायची.

राळ तापवल्याचा वास कुठूनतरी आला. तळमजल्यावर कापकरने शेगडी लावली असेल. हा वास तिला एकेकाळी अचानक सहन होईनासा झाला होता. तिशीच्या अलीकडचं वय, लग्नाला थोडी वर्षं झालेली. सकाळी प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की तो गोड, चिकट वास घशाशी यायचा आणि ती तोंडावर पदर धरून गच्चीत पळायची. पाळी चुकली होती. पण ती आधीही चुकायची, म्हणून तिने कोणाला सांगितलं नाही. सांगायच्या आधी खात्री करावी, हे अंगात मुरलेलं. मात्र बसमध्ये बसली की हात आपोआप पोटावर जायचा. कोणी बघत नाही ना असं बघून ती तो काढून घ्यायची, आणि पुढच्या थांब्यापर्यंत तो पुन्हा तिथेच आलेला असायचा. सांगितलं फक्त नवऱ्याला, एका संध्याकाळी, जिना चढता चढता. तो मध्येच थांबला. "नक्की?" "नक्की कसं सांगू? बघू." तो तेव्हा लिफ्टची तपासणी करायच्या नोकरीत नवा होता. लिफ्ट चालते की नाही, एवढं बघून शिक्का मारायचा. 'बघू' असा शिक्का त्याच्याकडे नव्हता. पण त्या दिवशी त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि उरलेला जिना तिच्या मागून चढला, पडली तर धरायला असावं तसा. मोठ्या जाऊबाईंनी ओळखलं होतंच. त्यांनी काही न बोलता तिच्या ताटातलं आंबट वाढवलं.

मग एका दुपारी रक्त दिसलं. फार नव्हतं. डॉक्टरीणबाई घाईच्या होत्या, पण शब्दाने गोड. त्यांनी हात लावून बघितलं, कपाळाला आठी घातली, म्हणाल्या, "असं अधांतरी ठेवण्यात अर्थ नाही. साफ करून घेऊ, म्हणजे खात्री होईल." ती म्हणाली, "करा." एवढंच. 'करा' हा शब्द तिने स्वतःच्या तोंडाने म्हटला, जीभ टाळूला लागून सुटली ते आजही आठवतं. नंतर छताला लटकलेला दिवा, त्याच्याभोवती हिरवट कडं, आणि ते कडं मोठं होत होत तिला घेऊन कुठे गेलं ते कळलं नाही. जाग आली तेव्हा डॉक्टरीणबाई नळाखाली हात धूत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "फारसं काही निघालं नाही हो. बहुतेक नव्हतंच काही. पुढच्या वेळी बघू." नळ चालूच होता. अर्धवट गुंगीत तिला वाटलं, आपण दगड उलटा धरला असेल. नीट धरून पुन्हा विचारावं. पण नळ बंद झाला आणि त्या निघून गेल्या. घरी नेताना नवरा सारखा म्हणत होता, "नव्हतंच म्हणाल्या. म्हणजे गेलं असं काही नाही." त्याने ते इतक्या जपून पुढे केलं, फुटणारी वस्तू दोन्ही हातांनी द्यावी तसं, की तिला ते घ्यावंच लागलं. जाऊबाई म्हणाल्या, "जाऊ दे गं. नव्हतं त्याचं कसलं सुतक?" पुढची वेळ आली नाही. आईने तेवढं एकदा विचारलं होतं, केस विंचरता विंचरता. "तुला काय वाटलं होतं?" "कोण जाणे." आईचा कंगवा थांबला होता. "तुला नाही तर कोणाला ठाऊक असणार?" मग वर्षं गेली. जोडी तिला सापडली ती त्यानंतर बऱ्याच काळाने, दुसरंच काही शोधताना. 'नन्ना'त टाकायला तिने काप उचलला होता. तो तिने तिसऱ्या ट्रेमध्ये ठेवला. का, असं कोणी विचारलं नाही.

"मॅडम, चहा गार झाला," झटपट दारात उभी होती. तिने कपावर बशी झाकून आणली होती. तेवढ्यापुरती ती पुन्हा जुनी विद्यार्थिनी झाली होती. "ठरलं काही?"

"तुझ्या का पोटात दुखतंय? एक काप आहे. पडून राहील कोपऱ्यात."

"नव्या कपाटांना कोपरेच नाहीत," झटपट हसली. मग स्टूल ओढून बसली, म्हणजे बोलणं लांबणार होतं. "खरं सांगू? तुम्ही पुढच्या वर्षी घरी बसाल. मग ह्याच्याकडे बघणार कोण? मी? मला माझ्या पोरांकडे बघायला फुरसत नाही, धाकटा परवा मला 'काकू' म्हणाला. यादीत संशयित असं काही टाकता येत नाही, मॅडम. घासायचं नसेल तर नका घासू. पण मग मला ते 'नाही'मध्ये घालावं लागेल."

"नाहीमध्ये."

"तुमचाच नियम. एकटंदुकटं धरू नका."

"सरांचा."

"आम्हाला तुम्ही शिकवलात," झटपट म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी गेलं, आपण कुठेतरी पाय दिला पण कशावर ते कळलं नाही, असं. "मॅडम, बरं वाटत नाहीये का?"

बघूबाईने चहाचा एक घोट घेतला. खरंच गार होता. न घासता ठेवली तर जोडी कधी जगलीच नाही, असं कायमचं लिहिलं जाणार. घासली तर कदाचित दिसेल, कदाचित जाईल. आणि गेली तर तेव्हाही कोणीतरी पाठमोरं हात धूत म्हणेल, बहुतेक नव्हतंच. तिला एकदम असं वाटलं, की घासण्याचं तिला तेव्हाही भय नव्हतं. ती झोपलेली होती, बघायला तिथे कोणी नव्हतं, याचं होतं. "घासू या," ती म्हणाली. "पण मी जाते खाली. माझ्या हाताने घासते."

"तुमचा हात? कापकर आहे की."

"असू दे. तोही असू दे."

कापकर हेही खरं नाव नव्हे. दगडाचे काप करणारा तो कापकर. त्याची खोली तळमजल्यावर होती. तिथे सगळ्या वस्तूंवर करड्या पिठासारखी पूड बसलेली असे, त्याच्या भुवयांवरसुद्धा. "या ताई! आज गरिबाघरी?" त्याने स्टूल फडक्याने पुसलं, म्हणजे पूड एका बाजूची दुसऱ्या बाजूला केली. जाड काचेच्या पाटीवर त्याने घासायला चिमूटभर कुरुंदाची पूड टाकली, पाणी शिंपडलं. "हलक्या हाताने हं. बाळाच्या टाळूला तेल लावतात ना, तसं. जोर केलात तर दगड रागावतो आणि एकदम निघून जातो. माझ्या सासऱ्यासारखा."

तिने काप पालथा धरून वर्तुळात फिरवायला सुरुवात केली. बोटाखाली बारीक खरखर जाणवत होती, वाळू दाताखाली यावी तशी. मग खरखर मऊ झाली. काळं पाणी पाटीवर पसरलं, आणि तिला वाटलं, हे पाणी म्हणजे तो समुद्रच आहे, इतक्या काळाने पुन्हा ओला झालेला. थोडं घासायचं, धुवायचं, बघायचं. कापकरच्या खोलीत एक जुना सूक्ष्मदर्शक होता, कॅमेरा नसलेला, पितळ उघडं पडलेला. घासलेला काप कोरडा असताना पांढरट, आंधळा दिसतो. त्यावर पाण्याचा थेंब ठेवला की तो डोळे उघडतो, आणि थेंब वाळेपर्यंतच उघडे ठेवतो. तिने थेंब ठेवला. धूर. पुन्हा घासलं. थेंब. धूर थोडा विरळ, काळे कण एकेक करून निघून गेलेले. कापकर बोलत होता, त्याच्या सासऱ्याचं, नव्या इमारतीत त्याला खोलीऐवजी नुसतं टेबल मिळणार त्याचं. ती 'हं' म्हणत होती. बोटांची टोकं काळी झाली होती. तिने पुन्हा घासलं, धुतलं, थेंब ठेवला आणि वाकली.

जोडी तिथे होती. धूर नव्हता. काहीही नव्हतं मध्ये. दोन वर्तुळं, आणि त्यांच्याभोवती एक कड, तांबूस, पिकल्या पानाच्या शिरेसारखी, एका श्वासात ओढल्यासारखी सलग. कुठेही तुटलेली नाही. डावीकडचं किंचित मोठं. दोहोंच्या मध्ये, जिथे ती चपटी झाली होती तिथे, दोन्ही बाजूंनी एक पडदा आत येत होता. तो मध्यापर्यंत पोचला नव्हता. तिथे थोडी फट होती, दार लोटता लोटता कोणी थांबावं तशी. दगड असं करत नाही. दगडाला घाई नसते आणि मध्येच थांबायचं कारणही नसतं. तिने डोळा न काढता हाताने चाचपून कागद ओढला, पेन्सिल सापडली, आणि काढू लागली. एक डोळा काचेत, एक कागदावर, ही जुनी सवय. कड काढली. डावीकडचं मोठं काढलं. पडदा काढला, फट सोडली. कापकरला हाक मारायला हवी होती. तो पाठमोरा होता, बारीक पूड चाळत होता, शीळ घालत होता. वर झटपटला बोलवायला हवं होतं. थेंब कडेने आटू लागला होता, आणि ती बघत होती. तिला दुसरं काहीच करायचं नव्हतं. कोणीतरी आपल्याकडे बघतंय हे त्या दोघांच्या बाबतीत तीनशे कोटी वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं. कड हळूहळू पांढरी झाली, मग सगळाच काप आंधळा झाला.

"मिळालं काही?" कापकरने विचारलं.

"हं. फोटोला काय करावं लागेल?"

"वरून झिलई करावी लागेल. त्याशिवाय कॅमेऱ्याला दिसत नाही, पांढरं फटक येतं." त्याने काप उजेडाकडे धरला, ओठ मुडपले. "फार पातळ झालाय ताई. फुंकर मारली तरी जाईल. ठेवायचं का असंच?"

असंच ठेवलं, तर आंधळा काप 'नाही'मध्येच जाणार होता. "कर," ती म्हणाली. शब्द जुनाच होता, पण या वेळी ती जागी होती, आणि त्याच्या हाताशेजारी हात ठेवून बसली होती. कापकरने शीळ थांबवली. कापडावर दोनदा, अगदी हलकेच, फिरवलं. धुतलं. तिने बघितलं. स्वच्छ, उजळ, सुंदर दगड होता. जोडीच्या जागी जरासा फिका डाग, तोही बघावासा वाटला म्हणून दिसणारा. तिने डोळा काढला. कापकरच्या भुवया पांढऱ्या, चेहरा त्याहून पांढरा. "ताई, गेलं?"

"गेलं."

"माझ्या हातून..."

"तुझ्या हातून कसलं? मी सांगितलं." तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला, काळी बोटं उमटली. "छान केलंस तू काम."

झटपट खाली आली तेव्हा तिला कागद दाखवला. तिने तो बराच वेळ बघितला. घाई नसलेली झटपट फारच लहान दिसायची. "पडदा होता?" "होता." "सलग कड?" "हो." "अरे देवा," झटपट म्हणाली, "मॅडम, निदान मला हाक तरी..." आणि मग तिने मान हलवली. "चित्र चालत नाही. काप नाही, फोटो नाही. तुम्हाला माहीतच आहे."

"चालतच नाही. चालू पण नये. यादीतून काढून टाक. लिही, तपासताना नमुना गेला."

"आणि ती होती काय, ते?"

"होती," बघूबाई म्हणाली.

झटपटने कागदाची घडी न घालता तो दोन हातांत धरून परत दिला.

बघूबाई चालत घरी आली. रस्त्यावर दिवे लागायचे होते, दुकानं उजळत होती, आणि माणसांची तोंडं तिला त्या अवेळच्या उजेडात फार स्पष्ट दिसत होती. प्रत्येकाची कड सलग. घरी नवरा टेबलावर वर्तमानपत्र पसरून इस्त्री उघडून बसला होता. निवृत्त झाल्यापासून घरातली प्रत्येक चालू वस्तू तो एकदा उघडून बघायचा. "तापत नाही म्हणालीस ना? तापते. बटण खोटं आहे," तो म्हणाला. मग तिच्या हातांकडे बघून, "हे काय? कोळसे वेचायला गेली होतीस?"

"घासत होते. ती जोडी."

"ती तुझी? मग? निघाली खरी?"

"निघाली. भिंत होती तिला. एकाची दोन होत होती."

"अरे वा! म्हणजे पेपरात नाव येणार बाईचं."

"नाही रे. घासता घासता गेली."

"अरेरे!"

"अरेरे नको म्हणूस. मी पाहिली ना." ती त्याच्यासमोर बसली. हात धुवायला उठावंसं वाटत नव्हतं. इस्त्रीच्या पोटातल्या लाल-पिवळ्या तारांकडे बघत, त्याच आवाजात, काही ठरवलेलं नसताना ती म्हणाली, "आपलंही होतं."

त्याने 'काय?' असं विचारलं नाही. ते न विचारणं तिच्या लक्षात यायला एक क्षण लागला, आणि मग तिने मान वर केली. तो हातातल्या स्क्रूकडे बघत होता.

"माहीत आहे," तो म्हणाला.

बाहेर कोणाच्या तरी लिफ्टचं दार वाजलं. तो सवयीने तिकडे कान देऊन थांबला, मग बोलला. "मी बाहेर बाकावर होतो ना. ती परिचारिका भांडं घेऊन गेली. वरचं फडकं सरकलं होतं. मला दिसलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नव्हतंच असं सांगू या, बायका लवकर सावरतात त्याने. मी मान हलवली. वाटलं, पुढे कधी तू विचारशील तेव्हा सांगू. तू विचारलंच नाहीस. मला वाटलं, तुला खरंच वाटतंय की नव्हतं. मग मी कशाला..."

"मला वाटलं, तुला वाटतंय तसं."

राग येईल, ती मनात म्हणाली. उद्या येईल, किंवा परवा भांडी घासताना येईल, आणि मग तो बरेच दिवस राहील. आला तर येऊ द्यावा. पण आत्ता, या घटकेला, तिला फक्त एवढंच कळत होतं, की इतकी वर्षं या घरात, या टेबलाच्या पलीकडे, ते पाहिलेला एक माणूस बसत आला होता.

"कसं होतं?" तिने विचारलं.

"आता कशाला ते..."

"सांग."

त्याने स्क्रू वर्तमानपत्रावर ठेवला. मग त्याने उजवा हात दिव्याखाली आणला, अंगठा आणि तर्जनी एकमेकांजवळ नेली, थांबला, आठवलं, किंचित लांब केली. "एवढं," तो म्हणाला. बोटांमधलं अंतर त्याने हलू दिलं नाही. ती चष्मा कपाळावर सारून टेबलावर वाकली आणि त्या अंतरात बघू लागली.